कालचे कपडे, आजची मने

भूतकाळात घडणारा प्रत्येक चित्रपट एकाच वेळी दोन काळांत वावरत असतो: एक काळ कथेचा आणि दुसरा चित्रीकरणाचा, आणि दिग्दर्शकाने कितीही दक्षता घेतली तरी हा दुसरा काळ पहिल्यात कोठून ना कोठून शिरतोच. ज्या वस्तूचा, गाण्याचा, रिवाजाचा किंवा विचाराचा जन्मच कथेच्या काळानंतर झाला, ती गोष्ट त्या काळात वावरताना दाखवली गेली की त्या दोषाला कालविपर्यास म्हणतात. घडलेली घटना वेगळ्या रीतीने दाखवणे, माणसे गाळणे किंवा निकाल अर्ध्यावर सोडणे हा तथ्यविपर्यास होय, आणि तो कालविपर्यासाहून वेगळा असला तरी बहुधा त्याच्याच सोबतीने येतो. प्रेक्षकांची चर्चा मुख्यतः पहिल्या प्रकाराभोवती आणि त्यातही वस्तूंभोवती फिरत राहते. वस्तूंची चूक दिसते, ती मोजता येते आणि सुधारताही येते. माणसांच्या मनांबाबत झालेली चूक मात्र दिसत नाही, आणि चित्रपटातून समाजाच्या स्मृतीत उतरते ती नेमकी हीच चूक.

शिवकाळावर किंवा पेशवाईवर चित्रपट निघाला की महाराष्ट्रात इतिहासकार, वंशज आणि वाचक जागे होतात, वाद झडतात, क्वचित प्रकरण न्यायालयातही जाते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या, म्हणजे आजी-पणजीच्या, काळावरील चित्रपटाला अशी तपासणी सहसा भोगावी लागत नाही, कारण तो काळ सर्वांनाच ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. सतराव्या शतकातील पन्नास वर्षांत घरातील भांडी आणि दिवे फारसे बदलत नसत. विसाव्या शतकात मात्र दर दहा वर्षांनी पैसा, वाहन, लिपी, वेश आणि करमणूक यांपैकी काहीतरी बदलत गेले, आणि त्यामुळे १९४८ची खोली १९५८ची म्हणून दाखवता येत नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर ‘नवे पैसे’ झाले, आणि १ जून १९६४ पासून त्यांतील ‘नवे’ हा शब्द गळाला. बोलण्यात मात्र ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ त्यानंतरही कित्येक दशके टिकले, म्हणून १९७०च्या कथेतील पात्राने चार आणे मागितले तर ती चूक नव्हे, पण १९५५च्या दुकानदाराने पंचवीस पैशांचे नाणे परत केले तर ती निश्चित चूक आहे. गांधीजींचे चित्र असलेल्या नोटांची मालिका १९९६पासूनची, ‘एमएच’ अक्षरांनी सुरू होणारे वाहनक्रमांक १९८८च्या मोटार वाहन कायद्यानंतरचे, त्याआधीच्या मुंबईतील जुन्या मोटारी ‘बीएम’ने सुरू होणारे क्रमांक मिरवीत असत, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२चा, मुंबईचे दूरदर्शन केंद्र त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरचे, आणि ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्रीनंतर शहरातून कायमची नाहीशी झाली. १ मे १९६० पूर्वी महाराष्ट्र राज्यच अस्तित्वात नव्हते, म्हणून १९५०च्या दशकातील पोलीस ठाण्याच्या पाटीवर ‘महाराष्ट्र’ हा शब्द येऊ शकत नाही. उलट दिशेची चूकही होते: शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे १९९५ मध्ये बदलले हे माहीत असलेले पटकथाकार जुन्या काळातील मराठी गिरणी कामगाराच्याही तोंडी ‘बॉम्बे’ घालतात, वास्तविक मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच म्हणत आला होता आणि व्हिक्टोरिया टर्मिनसला त्याच्या बोलण्यात बोरीबंदर हेच नाव होते.

यांतील सर्वांत उपेक्षित बाब लेखनाची आहे. पडद्यावर दिसणारे वर्तमानपत्र, दुकानाची पाटी, नायिकेचे पत्र आणि न्यायालयाचा कागद हे सारे संगणकावरील आजच्या टंकात आणि आजच्या शुद्धलेखनात छापून घेतले जाते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले, आणि त्याआधीच्या छापील मराठीत आज न लिहिले जाणारे कितीतरी अनुस्वार होते. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येथें’, ‘घरांत’ अशी रूपे प्रत्येक पानावर विखुरलेली असत. पेशवाईतील पत्रव्यवहार तर बहुतांशी मोडी लिपीत आहे, म्हणजे देवनागरीहून वेगळ्या, हात न उचलता भरभर लिहिण्याजोग्या वळणदार लिपीत. हिशेबाच्या वह्यांत आणि जमिनीच्या कागदपत्रांत ती विसाव्या शतकातही बराच काळ वापरात होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत बांधलेले असे कागद कोणाही अभ्यासकाला पाहता येतात, तरी पडद्यावरचा कारकून स्वच्छ देवनागरीत लिहितो. प्रेक्षकाला मजकूर वाचता यावा ही यामागची अडचण खरी आहे. पण मजकूर पात्राच्या आवाजात ऐकवण्याची सोय चित्रपटाकडे असल्यामुळे कागद खोटा करण्याची गरज उरत नाही.

आवाजाच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि शास्त्रीय संगीताच्या या पुणेकर कैवाऱ्याच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षाअखेर सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. म्हणून १९५४च्या चाळीत रेडिओवर चित्रपटगीत लागले असेल, तर निवेदकाने आकाशवाणीचे नाव घेऊन चालणार नाही. ‘भाग मिल्खा भाग’ (२०१३) या चित्रपटात १९५०च्या दशकातील लष्करी छावणीत जे गाणे म्हटले जाते ते ‘सन ऑफ इंडिया’ या १९६२च्या चित्रपटातील आहे, ही चूक अनेकांनी दाखवून दिली. गाणे हे काळाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी चिन्ह असते. दोन कडवी ऐकताच प्रेक्षकाला वर्ष कळते, आणि ते वर्ष चुकले तर तो प्रसंग कितीही चांगला वठलेला असला तरी जाणत्या प्रेक्षकाची त्यावरील पकड सुटते.

शरीराचा कालविपर्यास त्याहून खोल असतो. १९३०च्या दशकापर्यंत प्रौढ पुरुषाने बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे अशिष्ट मानले जाई. पगडी, पागोटे, रुमाल, काळी टोपी किंवा खादीची टोपी यांवरून माणसाचा प्रांत, जात, व्यवसाय आणि राजकारण ओळखता येई, आणि तरीही त्या काळातील चित्रपटनायक केसांची रचना दिसावी म्हणून बोडकाच फिरतो. पिंजर आणि मेणावर लावलेल्या कुंकवाच्या जागी चिकटवायची टिकली येते, दोऱ्याने कोरलेल्या भुवया आणि व्यायामशाळेत घडवलेले दंड एकोणिसाव्या शतकात नांदू लागतात, आणि नेसायची नऊवारी शिवून आणलेली असल्याने चालताना तिचा घोळ जसा हलायला हवा तसा हलत नाही. हे दोष केवळ सौंदर्यदृष्टीचे नाहीत. कष्टकऱ्याचे शरीर त्याच्या कष्टांनी आणि त्याच्या अन्नाने घडलेले असते. ते पुसले की त्याच्या जगण्याची परिस्थितीच पडद्यावरून पुसली जाते.

वस्तूची चूक आणि अर्थाची चूक एकाच चित्रपटात कशा शेजारीशेजारी राहतात, आणि पहिलीची चर्चा दुसरीला कशी झाकते, हे टिनू सुरेश देसाई दिग्दर्शित ‘रुस्तम’ (२०१६) या चित्रपटात स्पष्ट दिसते. त्याचा आधार असलेला नानावटी खटला सर्वश्रुत आहे. ‘आयएनएस म्हैसूर’ या युद्धनौकेवरील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. आहुजा यांचे नानावटींच्या पत्नीशी संबंध होते, आणि हत्या क्षणिक उद्रेकातून झाली की ठरवून, हा खटल्याचा गाभा होता. चित्रपट झळकताच निवृत्त नौदल अधिकाऱ्यांनी नायकाच्या गणवेशावर बोट ठेवले: त्याच्या छातीवरील पदकांच्या फितींत १९९९च्या कारगिल लढाईनंतरच्या सेवापदकांची फीत होती, आणि नायकाने नुसती मिशी राखली होती, वास्तविक त्या काळच्या नौदलात दाढी आणि मिशी दोन्ही ठेवावी किंवा दोन्ही काढावी असा नियम होता. १९५९च्या छातीवर १९९९चे पदक हा कालविपर्यासाचा पाठ्यपुस्तकात शोभावा असा नमुना आहे, आणि वर्तमानपत्रांनी त्याला भरपूर जागा दिली.

त्या मानाने फार थोड्यांनी विचारलेला प्रश्न असा, की खटल्याचे काय झाले. प्रत्यक्षात ज्यूरीने, म्हणजे न्यायाधीशासोबत बसून वस्तुस्थितीचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल भाईचंद मेहता यांना तो कौल पुराव्याशी पूर्णतः विसंगत वाटल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. मार्च १९६०मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केल्यामुळे राज्यपालाचा अधिकार कोठे संपतो आणि न्यायालयाचा कोठे सुरू होतो असा घटनात्मक पेच उभा राहिला. आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. मधल्या काळात राज्याचे विभाजन झाल्यामुळे या प्रकरणातील सप्टेंबर १९६०चा निकाल ‘मुंबई राज्य’ या नावावर आणि १९६१चा ‘महाराष्ट्र राज्य’ या नावावर नोंदला गेला आहे. पुढे १९६४मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. ‘रुस्तम’ मात्र ज्यूरीच्या कौलापाशी थांबतो, नायकाला निर्दोष घरी पाठवतो, आणि त्याच्या गोळ्यांमागे विमानवाहू नौकेच्या खरेदीतील भ्रष्टाचाराचे आणि देशप्रेमाचे कारण जोडतो, ज्याचा मूळ खटल्याशी काहीही संबंध नाही.

पात्रांची नावे बदललेली आहेत, म्हणून हे कल्पित मानावे, असा बचाव केला जातो. नाव बदलल्याने लेखकाला मोकळीक मिळते हे खरे, पण ज्या खटल्याच्या कीर्तीवर चित्रपटाची जाहिरात उभी आहे, ज्याचे वर्ष, शहर, नौदल, पारशी समाज आणि वृत्तपत्रीय मोहीम जशीच्या तशी घेतली आहे, त्याच्या निकालापुरतेच कल्पित होणे ही प्रामाणिक मोकळीक नव्हे. शिवाय बदल कोणत्या दिशेने झाला हे पाहिले पाहिजे. १९५९च्या मुंबईला छळणारा प्रश्न असा होता की गणवेशातील, इंग्रजी वळणाच्या, सभ्य उच्चवर्गीय पतीने केलेली हत्या समाजाने क्षम्य मानावी काय, आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्याच्या बाजूने चालवलेली मोहीम न्यायावर दडपण आणते काय. चित्रपटात हा प्रश्न उरतच नाही, कारण देशासाठी मारले म्हटल्यावर पत्नीच्या प्रियकराला मारण्यातली नैतिक अडचण संपते. २०१६च्या प्रेक्षकाला सोयीचे वाटेल असे कारण १९५९च्या माणसाच्या मनात घातले गेले, आणि छातीवरच्या फितीहून हा कालविपर्यास कितीतरी मोठा आहे. याच खटल्यामुळे देशातील ज्यूरी पद्धत बंद झाली, ही समजूतही अशा चित्रणांतून घट्ट होत गेली आहे, जरी कायदा आयोगाने १९५८च्या चौदाव्या अहवालातच, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्यापूर्वीच, ती पद्धत रद्द करण्याची शिफारस केली होती.

आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’ (२००१) हा याहून फार वरच्या दर्जाचा चित्रपट आहे, आणि म्हणूनच त्याची तपासणी अधिक गंभीरपणे व्हायला हवी. कथा १८९३मधील एका क्रिकेट सामन्याची आहे. त्या काळी इंग्लंडमधील क्रिकेटमध्ये षटक पाच चेंडूंचे होते, सहा चेंडूंचे षटक १९००मध्ये आले; आणि १९१०पूर्वी चेंडू नुसता सीमारेषेवरून हवेत गेला म्हणून सहा धावा मिळत नसत, त्यासाठी तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. या हिशेबाने चित्रपटाचा सारा शेवटच कोसळतो. पण या दोषाला क्षमा करता येते, कारण आजच्या प्रेक्षकाला पाच चेंडूंचे षटक समजावून सांगत बसले तर सामन्याचा ताण नाहीसा होईल, आणि ताण हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे.

क्षमा करणे कठीण जाते ते कचरा या पात्राच्या बाबतीत. गावाच्या संघात अस्पृश्य गोलंदाज घ्यायला इतर खेळाडू नकार देतात, नायक भुवन शबरीच्या बोरांची आठवण देऊन त्यांची कानउघाडणी करतो, आणि एका भाषणात शतकानुशतकांची शिवाशिव मावळते. पुढे त्या संघात तिचा मागमूसही राहत नाही. नेमक्या त्याच वर्षांत पुण्यात काय घडत होते याची नोंद उपलब्ध आहे. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू हे तरुण गोलंदाज १८९०च्या दशकात पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते आणि तेथील साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेतच म्हणून त्यांना खेळायला घेतले गेले. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, हे रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात सविस्तर मांडले आहे. म्हणजे बाळूंनी फेकलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा, पण त्यांनी प्यालेला पेला कोणी हाताळायचा नाही, अशी ती व्यवस्था होती. १९०६ आणि १९०७मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवले त्यात बाळूंचा वाटा मोठा होता, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, आणि तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२०मध्ये, वादानंतर, ते उपकर्णधार झाले, आणि कर्णधारपद त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे १९२३मध्ये आले. पहिल्या सामन्यापासून या टप्प्यापर्यंत एक संपूर्ण पिढी लोटली होती.

तीस वर्षांच्या या लढ्याच्या जागी एक भाषण आले म्हणजे काळ आखडला एवढेच होत नाही. अस्पृश्यता हा काही हेकट माणसांचा गैरसमज होता आणि समंजस नायकाने दटावताच तो दूर होत असे, असे चित्र प्रेक्षकाच्या मनात राहते, आणि ज्यांनी तो अपमान आयुष्यभर गिळून खेळ केला, सभा घेतल्या, राजीनामे दिले, त्यांचे कर्तृत्व नायकाच्या खात्यावर जमा होते. कचऱ्याला त्या प्रसंगात स्वतः बोलायला फारसे काही नाही. बाळू आणि त्यांचे भाऊ मात्र बोलत होते, भांडत होते आणि त्यांच्या बाजूने व विरुद्ध वृत्तपत्रांत लिहिलेही जात होते.

पळवणकर बाळूंचे नाव इतिहासात आणखी एका ठिकाणी येते. सप्टेंबर १९३२मध्ये येरवड्यात झालेल्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत ते होते. हा करार, त्याआधीचे गांधीजींचे उपोषण आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आलेले दडपण यांशिवाय गांधीजींच्या उत्तरायुष्याचा विचारच करता येत नाही. तरी रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या तीन तासांहून मोठ्या चित्रपटात आंबेडकर हे पात्रच नाही. एका चित्रपटात सारे आयुष्य मावत नाही, निवड करावीच लागते, हे मान्य केले तरी निवड कोणाला वगळून झाली हे पाहणे भाग पडते, कारण गांधीजींना ज्या भारतीयाने सर्वांत मूलगामी प्रश्न विचारले त्यालाच गाळल्याने गांधीजी वादातीत होतात. जगभरच्या प्रेक्षकांनी गांधीजी या चित्रपटातून ओळखले. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि मामुट्टी यांची प्रमुख भूमिका असलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आला, आणि त्याला तेवढे प्रेक्षक कधी मिळाले नाहीत.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. ‘गांधी’ आणि ‘लगान’ या दोन्ही चित्रपटांचे कपडे कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या हातचे आहेत. ‘गांधी’साठी त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले, आणि ते पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत गांधीजींच्या वेशात झालेला प्रत्येक बदल कोणत्या वर्षी आणि का झाला याचा अभ्यास त्या कामात दिसतो. ‘लगान’चे कलादिग्दर्शन करणारे नितीन चंद्रकांत देसाई यांनीच जब्बार पटेलांच्या आंबेडकरपटाचेही कलादिग्दर्शन केले होते. म्हणजे सूत, रंग, विणकर, भिंत आणि छप्पर यांविषयी काळाशी इमान राखणारे थोर कारागीर भारतीय चित्रपटाला लाभले, आणि तरी त्यांनी वेश चढवलेल्या पात्रांची मने मात्र पटकथेने आजचीच ठेवली.

जुन्या माणसांचे मन जसे होते तसे दाखवले तर ते अधिक गुंतागुंतीचे आणि नाट्याला अधिक पोषक असते, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून दिसते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे आणि २०१९च्या समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपटामुळे त्यांची कथा घरोघरी पोहोचली आहे. आजच्या मनाला त्यांची प्रतिमा धर्म आणि रूढी झुगारणाऱ्या बंडखोर स्त्रीची हवी असते. प्रत्यक्षात १८८३मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार असे ठामपणे सांगितले होते, आणि परक्या हवामानात वेश व आहार यांबाबत शक्य तेवढे जुने वळण त्यांनी सांभाळले. ज्या पतीने त्यांना शिकवले त्यानेच लहानपणी त्यांना मारहाणही केली होती, हे त्यांच्याच पत्रांतून कळते. आणि त्या पत्रांत कृतज्ञता व वेदना एकाच परिच्छेदात शेजारी येतात. ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकीय पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बावीस वर्षांच्या आत, मृत्यू, एवढ्या आयुष्यात श्रद्धा, आज्ञाधारकपणा आणि असामान्य जिद्द ही सारी एकत्र नांदली. यांतील एक सोयीचा धागा ओढून काढला की आनंदीबाई उरत नाहीत.

कलावंताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न यावर साहजिकच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर चांगल्या चित्रपटांनीच देऊन ठेवले आहे. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) करताना प्रेमचंदांच्या कथेचा शेवट बदलला. मूळ कथेत एकमेकांचा जीव घेणारे दोन बुद्धिबळपटू रायांच्या चित्रपटात जिवंत राहतात आणि इंग्रजी नियमांनी डाव मांडतात. कल्पित पात्रांबाबत एवढी मोठी मोकळीक घेणाऱ्या रायांनी १८५६मधील अवधच्या खालसा होण्याचे राजकारण, जनरल औट्रम आणि वाजिद अली शाह यांच्याबाबत मात्र कागदपत्रांचा काटेकोर अभ्यास केला, आणि चित्रपटावर टीका झाली तेव्हा ‘इलस्ट्रेटेड वीकली’तून त्या अभ्यासाच्या आधारे उत्तर दिले. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मध्ये (१९७७) हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा आधार आहे, पण नायिकेचे नाव उषा आहे आणि तिच्या आयुष्याचा निकाल लावण्याची घाई चित्रपटाला नाही. काळ बदलतो तसा चित्रफितीचा पोत आणि रंग बदलतो, आणि मागे कोठेतरी चालू असलेल्या रेडिओवरील बातम्या वर्ष सांगून जातात. उषा स्वतंत्र होऊ पाहते, पण कशासाठी आणि कोणत्या शब्दांत, हे तिला त्या काळात सांगता येत नाही; तिचे हे चाचपडणे बेनेगलांनी जपले म्हणून तो काळ खरा वाटतो. नावे बदलूनही अन्याय होऊ शकतो याचा दाखला दुसरीकडे आहे: ‘यू-५७१’ (२०००) या हॉलिवूडपटात जर्मन पाणबुडीवरील एनिग्मा हे गुप्तलिपियंत्र अमेरिकी खलाशी हस्तगत करतात, वास्तविक मे १९४१मध्ये ‘यू-११०’वरून ते मिळवणारे खलाशी ब्रिटिश होते आणि अमेरिका तेव्हा युद्धातही उतरली नव्हती. त्याबद्दलची नाराजी ब्रिटिश संसदेत व्यक्त झाली, कारण त्या मोहिमेतील माणसे आणि त्यांचे आप्त हयात होते.

वस्तूंबाबत अचूकता मिळवणे हे इच्छा आणि पैसा यांवर अवलंबून असते. ‘टायटॅनिक’मधील रात्रीचे तारे १५ एप्रिल १९१२च्या आकाशाशी जुळत नाहीत, असे खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी दाखवून दिल्यावर जेम्स कॅमेरून यांनी २०१२च्या आवृत्तीत ते आकाश दुरुस्त केले. अनुराग कश्यप यांच्या ‘बॉम्बे वेल्वेट’साठी (२०१५) पन्नास-साठच्या दशकातील मुंबई श्रीलंकेत उभारावी लागली, कारण खुद्द मुंबईत वातानुकूलन यंत्रे, तारांची जाळी आणि फ्लेक्सचे फलक यांच्याशिवाय एक संपूर्ण रस्ता मिळणे अवघड झाले आहे. मराठी चित्रपटाच्या अंदाजपत्रकात असा खर्च बसत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु मनांबाबतच्या अचूकतेला एवढा पैसा लागत नाही. तिला वाचन आणि वेळ लागतो, आणि मराठीत त्यासाठीची सामग्री विपुल आहे. १८८१पासूनचा ‘केसरी’, १९२०पासूनचे ‘किर्लोस्कर’ मासिक, स्त्रियांची आत्मचरित्रे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागाराचे दफ्तर आणि १९६४मध्ये पुण्यात सुरू झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांत लोक काय नेसत होते याबरोबर कशाची लाज बाळगत होते, कशाचा अभिमान धरीत होते आणि कोणत्या शब्दांत भांडत होते, हेही सापडते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासूनच्या जुन्या अंकांतील जाहिराती तर कलादिग्दर्शकासाठी तयार वस्तुसूचीच आहेत. कमी असते ती संशोधकाची नेमणूक. वेशभूषाकाराला आणि कलादिग्दर्शकाला श्रेयनामावलीत जागा आणि मानधन असते. पटकथा लिहिली जात असतानाच तीवर हरकत घेण्याचा अधिकार असलेला अभ्यासक मात्र क्वचितच नेमला जातो, आणि नेमला तर चित्रीकरण सुरू झाल्यावर, म्हणजे फक्त चष्मे आणि घड्याळे तपासण्यापुरता.

यापुढे ज्या काळावर चित्रपट निघत राहतील तो १९८०च्या दशकातील मुंबईच्या गिरणगावाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावरून महेश मांजरेकर यांनी २०१०मध्ये ‘लालबाग परळ’ केला, तेव्हा बहुतेक गिरण्यांच्या जागी मनोरे आणि मॉल आले होते किंवा येऊ घातले होते. त्या जगाची कागदोपत्री नोंद संघटनांच्या, मालकांच्या आणि सरकारच्या बाजूने झाली आहे. बदली कामगाराला गेटावर किती वेळ उभे राहावे लागे, जॉबरला, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाला, काय द्यावे लागे, पाळीचा भोंगा वाजल्यावर खोलीतील झोपण्याची जागा कोणाकडून कोणाकडे जाई, खानावळ चालवणाऱ्या बाईची उधारी संपाच्या कितव्या महिन्यात थकली, आणि संप फसला हे घरात पहिल्यांदा कोणी कोणाला सांगितले, या प्रश्नांची उत्तरे अजून माणसांपाशी आहेत. त्या वेळचे विशीतले कामगार आज साठीच्या पुढे आहेत, जॉबर आणि साचेवाले ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा पटकथाकाराने त्यांच्याकडे जायचे असेल तर कॅमेरा ठरवण्याच्या आधी आणि याच काही वर्षांत जावे लागेल.